डब्याचा वास, कचेरीची हवा

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना मोहाडी लागतं. तालुक्याचं गाव, त्यामुळे तहसील आहे, पंचायत समिती आहे, बँका आहेत, शाळा आहेत. अशा गावातल्या कचेऱ्यांत काम करणारी कितीतरी माणसं बाहेरगावाहून येतात आणि येताना डबा आणतात. राज्य सरकारने जून २०१९ मध्ये परिपत्रक काढून जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास अशी ठरवून दिली. पुढे फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हाही तो अर्धा तासच राहिला. एवढ्या वेळात घरी जेवून येणं फक्त गावातल्या माणसाला जमतं. बाकीचे टेबलावरच्या फाइली बाजूला सारतात, वर्तमानपत्र अंथरतात आणि तिथेच डबा उघडतात.

आणि हा भंडारा जिल्हा आहे, तलावांचा जिल्हा. वैनगंगा आहे, जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांतली मासळी आहे. कुणाच्या डब्यात मरळीचा रस्सा असतो, कुणाच्या डब्यात झिंगे. कुणी सुकट भाजून आणलेली असते. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी येते, हिवाळ्यात मुळा आणि पानकोबी, आणि लसूण घातलेली जवसाची चटणी तर बाराही महिने. हे सगळं एका खोलीत, एकाच वेळी उघडलं जातं. कुणाची भूक चाळवते, कुणी नाक दाबतं, आणि मग कुजबुज सुरू होते. ती कुजबुज बहुतेक वेळा डबा आणणाऱ्या माणसाकडे वळते. मला वाटतं, ती खोलीकडे वळायला हवी. तसं का, हे समजायला आधी वास म्हणजे काय ते नीट पाहू.

पदार्थातून सुटून हवेत मिसळणारे बारीक रेणू नाकात पोचतात, तेव्हा वास येतो. पदार्थ जितका गरम, तितके हे रेणू जास्त सुटतात, आणि वाफ त्यांना सोबत घेऊन वर जाते. म्हणून सकाळी घरून निघालेला, निवलेला डबा उघडला तर वास डब्याच्या आसपास राहतो, आणि तीच भाजी मायक्रोवेव्हमध्ये किंवा चहाच्या शेगडीवर गरम केली की वास सगळ्या खोलीत पसरतो. उघड्या भांड्यात आणि झाकण ठेवून गरम करण्यातही मोठा फरक पडतो.

माशाच्या वासाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. समुद्रातल्या माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य भरपूर असतं. खाऱ्या पाण्यात शरीरातल्या पाण्याचा तोल राखायला ते माशाला उपयोगी पडतं, आणि त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला तो कळतो. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत हे द्रव्य फार थोडं असतं. म्हणजे कोकणातून सुकून आलेला बोंबील जो वास सोडतो, तो वैनगंगेच्या ताज्या रोहूला नसतो.

रोहू-कतल्याला वेगळाच वास असतो, चिखलाचा. तो येतो जिओस्मिनमुळे. तलावातली निळी-हिरवी शेवाळं आणि मातीतले काही जिवाणू हे द्रव्य तयार करतात. ते पाण्यातून माशाच्या चरबीत उतरतं. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात, एवढं जिओस्मिनसुद्धा माणसाच्या नाकाला जाणवतं. गोड्या पाण्यातल्या मासळीच्या कालवणात चिंच असते, आंबाडीसारखं काही आंबट असतं, त्यामागे ही रसायनं आहेत. आंबटात जिओस्मिन मोडतं आणि त्याचा वास जातो. मासळीतल्या अमाइनांशीही आम्लाची गाठ पडली की त्यांचे क्षार बनतात, आणि क्षार हवेत उडत नाहीत. ज्या बाईने पहिल्यांदा मासळीला चिंचेचा कोळ लावून ठेवला, तिने रसायनशास्त्राचं एक पक्कं सूत्र स्वयंपाकघरात शोधून काढलं होतं, आणि तेही कुठल्या प्रयोगशाळेआधी कितीतरी पिढ्या.

आता याच जिओस्मिनची दुसरी बाजू. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडतो, तेव्हा जो वास उठतो आणि ज्यासाठी लोक काम सोडून दारात येऊन उभे राहतात, त्यातला मोठा वाटा जिओस्मिनचाच असतो. कनौजला मातीचं अत्तर बनवतात, ते याच वासाच्या ओढीने. म्हणजे रेणू तोच. अंगणातून आला तर आपण छाती भरून घेतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या डब्यातून आला तर तोंड फिरवतो.

याहून नवलाचं उदाहरण भंडाऱ्याच्याच तांदळात आहे. चिन्नोर शिजायला लागला की घरभर दरवळतो. सुवासिक तांदळाच्या त्या दरवळामागचं मुख्य द्रव्य आहे २-असिटाइल-१-पायरोलीन. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तांदळात ओळखलं. पुढे १९९० साली कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडांवर जो द्राव फवारतो, त्यातही हेच द्रव्य असतं. कोक्याच्या किंवा नागझिऱ्याच्या जंगलातला वाघ आणि ताटातला चिन्नोर या एका रेणूपाशी येऊन भेटतात. वासाचा चांगुलपणा किंवा वाईटपणा सगळाच जन्मतः ठरलेला नसतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग आपण वास चांगला की वाईट, हे ठरवतो कसं? माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. नाकाकडून निघालेला संदेश मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे फार थेट जातो. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश तिथे बरेच टप्पे घेत पोचतात. म्हणून वासाबद्दलचं मत विचार करण्याआधीच तयार झालेलं असतं. ते बऱ्याच अंशी घडतं ते आपण काय खात मोठे झालो, कुणासोबत खाल्लं, काय खाणाऱ्यांविषयी घरात काय बोललं जायचं, यावरून.

यावर एक प्रयोग झाला आहे. संशोधक रेचल हर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांना तोच वास दोनदा हुंगायला दिला. एकदा सांगितलं की हे चीज आहे, दुसऱ्यांदा सांगितलं की ही ओकारी आहे. तोच वास पहिल्या वेळी लोकांना आवडला, दुसऱ्या वेळी किळसवाणा वाटला, आणि वास एकच होता हे कित्येकांना पटेना. फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्रात पामेला डाल्टन यांनीही असंच काही पाहिलं. हवेत सोडलेला वास अपायकारक आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांना तो जास्त उग्र वाटत राहिला आणि त्रासाच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त आल्या. डब्यात काय आहे हे आधी कळलं, तर नाक त्याप्रमाणे वागतं.

नाकाचा आणखी एक गुण इथे महत्त्वाचा आहे. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. जो जेवतो आहे त्याला त्याच्या रश्शाचा वास जवळजवळ जाणवत नाही. बाहेरून फाइल घेऊन आत आलेल्या माणसाला तो एकदम जाणवतो. दोघंही खरं बोलत असतात. ‘मला तर काही वास येत नाही’ हे ऐकून समोरच्याला वाटतं की हा मुद्दाम कानाडोळा करतो आहे, आणि तिथून भांडण वाढतं.

या भांडणाला आपल्या समाजात आणखी एक थर आहे, आणि तो टाळून हा विषय पुरा होणार नाही. कुठल्या अन्नाला वास येतो असं म्हटलं जातं आणि कुठल्याला सुवास, हे बऱ्याचदा खाणाऱ्याच्या जातीवरून ठरत आलेलं आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली. ते अन्न मराठी पाकपुस्तकांत तोवर जवळपास नव्हतंच. २०१४ मध्ये चेन्नईच्या ‘द हिंदू’ वर्तमानपत्राने कर्मचाऱ्यांना सूचना काढली की कँटीनमध्ये मांसाहारी डबा आणू नये, कारण शाकाहारी सहकाऱ्यांना त्रास होतो. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत काही वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं राखली गेली. मांसाहार दिसणं आणि त्याचा वास काहींना सहन होत नाही, हे कारण पुढे केलं गेलं, आणि निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला.

त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका विभागात भारतीय विद्यार्थ्याने मायक्रोवेव्हमध्ये आपला डबा गरम केला आणि तिथल्या कर्मचाऱ्याने उग्र वासाची तक्रार केली. डब्यात पालक पनीर होतं. प्रकरण वाढत न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये विद्यापीठाने दोन लाख डॉलर देऊन ते मिटवलं. आपल्याकडे ज्या भाजीला कुणी सोवळ्यातली म्हणेल, तिलाच तिकडे ‘वास’ मारला. ज्यांना शेजारच्याचा डबा खटकतो, त्यांनी ही घटना जरूर आठवावी.

पण याचा अर्थ त्रास खोटा असतो, असा मुळीच नाही. दिवस गेलेल्या बाईला पहिल्या काही महिन्यांत फोडणीच्या नुसत्या वासाने मळमळू शकतं. अर्धशिशीच्या झटक्यात कित्येकांना वास असह्य होतो. मिरचीचा ठसका तर वासच नव्हे. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा क्षोभ असतो, दमेकऱ्याला त्याने खरोखर अपाय होतो. नवरात्रात चौंडेश्वरी देवीला अनवाणी जाणाऱ्या, नऊ दिवस उपास करणाऱ्या सहकाऱ्याचाही विचार करायला हवा. या सगळ्यांची सोय आणि डबा आणणाऱ्याचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळता येतात. त्यासाठी खोलीकडे बघावं लागतं.

१९४८ चा कारखाना कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं. दीडशेहून जास्त कामगार असतील तिथे जेवायला स्वतंत्र खोली हवी, आणि अशी खोली असेल तर कामाच्या जागी कुणी जेवू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. मोहाडी तालुक्यातच वरठीला मोठा पोलाद कारखाना आहे. अशा कारखान्यांसाठी ही तरतूद होती. दहा-बारा माणसांच्या कचेरीला असलं काही बंधन नव्हतं, म्हणून तिथे टेबल हेच जेवणघर झालं. खरी उणीव आहे ती जागेची.

जागा नसेल तर निदान हवा हलवता येते, आणि या बाबतीत विदर्भातल्या कचेरीपाशी एक मोठी गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे कूलर. साधा एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीतच सोडतो. एकदा मासळीचा वास शिरला की एसीच्या बंद खोलीत तो तासन्‌तास फिरत राहतो. खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा ओलसर जाळीतून आत ढकलतो, आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच. समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर खोलीतली हवा सतत बदलत राहते. खिडक्या लावून घेतल्या की दोन्हीकडून नुकसान होतं. दमटपणा वाढल्याने गारवा कमी होतो, आणि वास जागच्या जागी साचतो. तेव्हा उन्हाळ्यात ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी कूलरच्या बाजूला बसावं, आणि डबे उघडावेत हवा जिथून बाहेर जाते त्या खिडकीपाशी. एवढी बसण्याची अदलाबदल केली तरी अर्धी कुरबुर मिटते. कूलरच्या मागे, हवा ओढणाऱ्या बाजूला मात्र कुणी जेवायला बसू नये. तो वास थेट आत येतो.

पावसाळ्यात कूलर बंद होतो, झडीमुळे खिडक्याही लागतात. तेव्हा एक्झॉस्ट पंखाच उपयोगी पडतो. हिशेब सोपा आहे. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत तीन हजार घनफूट, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर हवा असते. ताशी हजार घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, तर साधारण पाच मिनिटांत खोलीभर हवेइतकी हवा बाहेर जाते. पण नवी-जुनी हवा मिसळत असल्याने पहिल्या पाच मिनिटांनंतर वासाचे सुमारे ३७ टक्के रेणू उरलेले असतात, दहा मिनिटांनंतर १४ टक्के, पंधरा मिनिटांनंतर ५ टक्के. नाकाचा हिशेब तर याहून कडक. रेणू निम्मे झाले म्हणून वास निम्मा वाटत नाही. म्हणून जेवण संपताच पंखा बंद करण्यात काही हशील नाही. जेवणानंतर निदान पंधरा-वीस मिनिटं तो चालू राहावा, आणि त्याच्या समोरच्या बाजूला दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. आत यायला हवाच नसेल तर पंखा नुसता फिरत राहतो. छताचा पंखा वास घालवत नाही, तो फक्त सगळ्यांना सारखा वाटून देतो.

एवढं करूनही काही वास मागे राहतो, कारण तो वस्तूंत शिरलेला असतो. कागद, कापड आणि लाकूड हवेतले रेणू धरून ठेवतात आणि मग सावकाश सोडत बसतात. आपल्या कचेऱ्या तर फाइलींनी आणि कापडात बांधलेल्या दप्तरांनी भरलेल्या. जेवणाचा कोपरा रेकॉर्डच्या कपाटांपासून लांब असावा, पडद्यापासूनही.

पुष्कळदा ज्या वासाबद्दल तक्रार होते, तो जेवणाचा नसतोच. तो टेबलाखालच्या टोपलीतल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काट्यांचा असतो, किंवा न धुता झाकण लावून ठेवलेल्या डब्याचा. मेच्या उकाड्यात चार तास बंद राहिलेल्या डब्यात जिवाणू जोमाने वाढतात, आणि दुपारी ज्या भाजीचा वास सौम्य होता तिचा सायंकाळी भपकारा सुटतो. जेवल्याबरोबर डबा नुसत्या पाण्याने विसळला तरी हे टळतं. काटे-हाडं झाकणाच्या बादलीत, खोलीच्या बाहेर. डबा स्टीलचा बरा. प्लॅस्टिकमध्ये तेलात विरघळणारे वास शिरून राहतात, आणि झाकणातल्या रबराच्या कडीत तर हमखास.

लिंबू आणि चिंच यांचं काम मासळीपुरतं आहे. मासळीच्या डब्यावर, टेबलावर, हातावर लिंबू चोळलं की अमाइन बांधले जातात. लसूण, उकडलेली अंडी, पानकोबी, मुळा, हिंग यांचे वास गंधकयुक्त संयुगांचे असतात. त्यांच्यापुढे लिंबाचं काही चालत नाही, तिथे हवाच लागते. लसणाचं तर आणखी वेगळं. त्यातलं एक संयुग पचनातून रक्तात जातं आणि तिथून श्वासावाटे तासन्‌तास बाहेर पडत राहतं, म्हणून दात घासूनही तोंडाचा वास पुरता जात नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात शेरिल बॅरिंजर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. सफरचंद, पुदिना, दूध आणि दही यांनी लसणाचे हे वायू कमी होतात, आणि ते लसणासोबत किंवा लगेच नंतर खाल्ले तर जास्त कमी होतात, असं त्यांना आढळलं. जवसाच्या चटणीसोबत वाटीभर दही आणणं काही कठीण नाही.

उदबत्ती आणि खोलीत फवारायचे सुगंध यांच्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: ते लावू नयेत. उदबत्तीचा धूर म्हणजे हवेत बारीक कणांची भर, फवाऱ्याने आणखी रेणू हवेत येतात. आधीचा एक रेणूही यातून कमी होत नाही. दमेकऱ्याला आणि अर्धशिशीवाल्याला मासळीपेक्षा हा सुगंधच जास्त भोवू शकतो. शिवाय सहकारी जेवत असताना कुणी फवारा उचलला, की त्यात जे म्हटलं जातं ते जेवणाऱ्याला नेमकं कळतं.

बोलायची वेळ आली तर पदार्थाचं नाव न घेता बोलता येतं. ‘भाऊ, तुम्ही ते सुकट आणत जाऊ नका’ हे म्हणणं वेगळं, आणि ‘भाऊ, जेवताना तेवढी खिडकी उघडून द्या ना, मला मळमळून राहिलं’ हे वेगळं. पहिल्यात समोरच्याच्या घरावर बोट जातं, दुसऱ्यात आपला त्रास आणि त्यावरचा उपाय दोन्ही येतात. साहेबांनी कचेरीसाठी नियम करायचाच असेल, तर तो जागेचा, वेळेचा आणि स्वच्छतेचा करावा: जेवण या कोपऱ्यात, गरम करणं झाकण ठेवून, खरकटं बाहेर, पंखा सव्वादोनपर्यंत चालू. यात मासळी आणि पालक पनीर दोघांना एकच माप लागतं. आणि ज्या बाईला दिवस गेले आहेत, तिची खुर्ची तेवढे महिने हवेच्या येण्याच्या बाजूला हलवून द्यावी, तिने मागण्याची वाट न पाहता.